सरकारच्या तिजोरीत आपला आणा

 

गटाची बैठक संपत आली, वही मिटली, की कुणीतरी हळूच एक प्रश्न विचारतं. कधी तो असा असतो, "ताई, पोस्टात टाकलेला पैसा बुडत तर नाही ना?" कधी असा असतो, "सासूबाईंचं जुनं पासबुक सापडलंय, आता त्याचं काय होणार? सरकारनं खाल्ला असेल तो पैसा." हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. आपल्या पणजीच्याही आधीचे आहेत. म्हणून आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. गोरगरिबांचा आणा-दोन आणा सरकारी खजिन्यात कसा गेला, कुणी नेला, कशासाठी नेला, आणि विसरला गेला तर तो परत कसा मिळतो, याचा हा इतिहास आहे. ऐकताना एकच गोष्ट मनात धरा. पैसा कुणाच्या नावावर आहे? साऱ्या गोष्टीची किल्ली त्या नावात आहे.

उतरंडीतली बँक

बचत आपल्याला कुणी शिकवली नाही. बाई पूर्वीपासून साठवत आली. उतरंडीच्या खालच्या गाडग्यात, धान्याच्या कणगीत, लुगड्याच्या पदराच्या गाठीत. हातात थोडे जास्त आले तर चांदीचे तोडे, सोन्याचा एखादा मणी. शेतावरच्या मजुरीतून, कोंबडीच्या अंड्यातून, तुपाच्या विक्रीतून वाचवलेला तो पैसा.

या बँकेत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे गाडग्यातला पैसा वाढत नाही. दुसरी उणीव मोठी. गाडग्यावर नाव नसतं. चोरानं नेला तर त्याचा, दिरानं काढला तर त्याचा, नवऱ्यानं सावकाराला दिला तर सावकाराचा. "हा माझा पैसा आहे" असं बाई म्हणू शकत होती, पण ते दाखवायला तिच्याकडे कागद नव्हता.

कलेक्टर कचेरीतला लोखंडी दरवाजा

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरिबांसाठी बचत बँका निघू लागल्या. स्कॉटलंडमधल्या रुथवेल नावाच्या लहान गावात हेन्री डंकन या धर्मोपदेशकानं १८१० साली अशी बँक सुरू केली. मोठ्या बँका लहान रकमांना दारात उभं करत नसत. यानं मजुरांची नाणी घेतली. आपल्या बचत गटाशी नातं सांगावं अशीच ती गोष्ट आहे.

हिंदुस्थानात कंपनी सरकारनं १८३३ साली कलकत्त्यात सरकारी बचत बँक काढली. पाठोपाठ मद्रासला आणि १८३५ साली मुंबईला ती आली. पण ती शहरातल्या लोकांसाठी, पगारदारांसाठी. खेड्यातल्या माणसाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

मग मुंबईत एक मोठा धडा मिळाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर, आणि शेअर घ्यायला बँकांकडून कर्ज. १८६५ साली युद्ध थांबलं, कापसाचा भाव कोसळला, आणि कागदी श्रीमंती एका पावसाळ्यात वाहून गेली. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हात असलेली मानाची बँक. तीही अडकली आणि १८६८ साली गुंडाळावी लागली. "बँक बुडते" ही भीती आपल्या मुलखात उगाच आलेली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८७० मध्ये, सरकारनं जिल्ह्या-जिल्ह्याच्या ट्रेझरीला जोडून बचत बँका उघडल्या. ट्रेझरी म्हणजे सरकारी खजिना. आज आपण जिल्हा कोषागार म्हणतो तेच. कलेक्टर कचेरीत लोखंडी दरवाजाची खोली, बाहेर बंदूकधारी पहारा, आणि दोन कुलपं. दोन कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. आपल्या गटाच्या पेटीला आपण किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे ठेवतो ना? शहाणपण तेच आहे.

आता विचार करा. शेतकरी या खजिन्याला ओळखत होता, पण उलट्या बाजूनं. त्याचा शेतसारा तिथे जाऊन पडायचा. आत गेलेला पैसा बाहेर येताना त्यानं कधी पाहिलेला नव्हता. त्याच दारात आता सरकार म्हणत होतं, तुझी शिल्लक आण, आम्ही व्याज देतो. कोण आणणार? जिल्ह्याचं गाव लांब, कचेरीचा धाक मोठा, आणि मुख्य म्हणजे शिल्लक होतीच कुठे? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. कर्जाचे कागद ओढून काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण पसरलं. ज्याच्या अंगावर असं कर्ज, तो बचत बँकेत काय ठेवणार? म्हणून या ट्रेझरीतल्या बँकांत प्रामुख्यानं कारकून, शिपाई, मास्तर अशा पगारदारांचा पैसा गेला. हे आपण स्पष्ट बोललं पाहिजे. योजना निघणं ही एक गोष्ट, ती गरजू माणसाच्या पायरीपर्यंत येणं ही दुसरी गोष्ट.

१८७३ चा कायदा आणि बाईची पावती

या बँकांसाठी १८७३ साली एक कायदा झाला. सरकारी बचत बँकांचा कायदा. कायदे म्हटले की आपण कान बंद करतो, पण या कायद्यातल्या दोन गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट विधवेसाठी फार मोलाची. ठेवीदार वारला आणि त्याची ठेव ठराविक मर्यादेतली असली, तर वारसानं कोर्टात खेटे घालायची गरज उरली नाही. काही महिने थांबून, हक्कदार कोण हे अधिकाऱ्यानं पाहायचं आणि पैसे त्याला द्यायचे. लहान ठेवीसाठी मोठा वकील करावा लागला तर ठेव वकिलाच्याच खिशात जाते, हे त्या काळीही कळलं होतं.

दुसरी गोष्ट तर आपल्यासाठीच. विवाहित बाईनं ठेवलेली ठेव, किंवा आधी ठेवून मग जिचं लग्न झालं अशा बाईची ठेव, तिची तिलाच देता येईल, असं त्या कायद्यात लिहिलं होतं. तिनं दिलेली पावती पुरेशी धरायची. नवऱ्याची सही हवी असं नाही. हे १८७३ साली, मैत्रिणींनो. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण काळ कोणता होता ते लक्षात यावं म्हणून सांगते.

कागदावरचा हक्क मात्र किती जणींच्या हातात आला? १९०१ च्या जनगणनेत, देशभराचा हिशेब केला तर, शंभर बायकांमागे एकसुद्धा लिहिता-वाचता येणारी नव्हती. पावती द्यायची तर ती वाचणार कोण? कायदा बाईच्या आधी पोचला होता. बाईला तिथे पोचायला पुढे शंभर वर्षं लागली.

आणि गंमत पाहा, हा कायदा अजून जिवंत आहे. २०१८ साली त्यात अल्पबचतीचे आणि पीपीएफचे वेगळे कायदे मिळवले आणि त्याला 'सरकारी बचत प्रोत्साहन कायदा, १८७३' असं नवं नाव दिलं. आज तुम्ही लेकीच्या नावानं सुकन्या खातं उघडता, ते याच कायद्याच्या छत्राखाली.

ट्रेझरीतून पोस्टात

कलेक्टर कचेरी लांब होती, पण पोस्ट हळूहळू जवळ येत होतं. आधी ट्रेझरीमार्फत चालणारं मनीऑर्डरचं काम १८८० साली पोस्टाकडे आलं. गिरणगावात राबणारा कोकणातला चाकरमानी गावी मनीऑर्डर पाठवू लागला. रत्नागिरी जिल्ह्याला तर लोक मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणत. पोस्टमन दारात आला की चूल पेटायची.

मग १ एप्रिल १८८२ ला पोस्टाची बचत बँक सुरू झाली. जी गोष्ट ट्रेझरीच्या लोखंडी दरवाजाआड होती ती पोस्टाच्या खिडकीवर आली. १८८६ मध्ये जिल्हा ट्रेझरीतल्या बचत बँका पोस्टात मिळवल्या आणि १८९६ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या जुन्या सरकारी बचत बँकाही पोस्टाकडे आल्या. तेव्हापासून आजपर्यंत पैसा पोस्टमास्तर घेतात, पण जबाबदारी सरकारी तिजोरीची असते. पोस्टाची ठेव बुडत नाही असं आपण म्हणतो त्याचं कारण हे आहे. बँक ऑफ बॉम्बेसारखी ही बँक कुणाला शेअर घ्यायला कर्ज देत नाही. पैसा थेट सरकारकडे जातो आणि परतफेडीची हमी सरकारची.

गरज दोन्हीकडून

सरकार हे सगळं फक्त प्रजेच्या कल्याणासाठी करत होतं का? नाही. सरकारलाही पैसा हवा होता. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लोक घाबरले आणि पोस्टातून पैसे काढायला रांगा लागल्या. पण ज्यानं मागितले त्याला मिळाले, म्हणून भरवसा टिकला. १९१७ साली सरकारनं पोस्टात कॅश सर्टिफिकेट विकायला काढली, युद्धाच्या खर्चासाठी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बारा वर्षांनी दीडपट होणारी राष्ट्रीय बचत पत्रं आली.

स्वातंत्र्यानंतर युद्धाऐवजी धरणं, रस्ते, शाळा यांसाठी बचत मागितली जाऊ लागली. 'अल्पबचत' हा शब्द घरोघरी गेला. राज्यात जेवढी अल्पबचत गोळा होई, त्यातला मोठा वाटा केंद्र सरकार वर्षानुवर्षे त्याच राज्याला कर्जरूपानं देत असे. म्हणून राज्य सरकारलाही उत्साह. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट. तहसीलदार, ग्रामसेवक, मास्तर सगळे कामाला. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना शाळेतली संचयिका आठवत असेल. आठ आणे, रुपया बाईंकडे द्यायचा आणि कार्डावर लिहून घ्यायचा. १ एप्रिल १९९९ पासून या साऱ्या पैशाचा हिशेब राष्ट्रीय अल्पबचत निधी या वेगळ्या खात्यात ठेवला जातो.

सरकारची गरज होती म्हणून योजना वाईट ठरत नाही. पण हा व्यवहार आहे, उपकार नाही, हे आपण ओळखून असावं. आपण सरकारला उसने देतो, सरकार व्याज देतं. मग पासबुक मागताना, नोंद तपासताना, खिडकीवर प्रश्न विचारताना मान खाली घालायचं कारण नाही.

दारात आलेली ताई

१९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. बायकांनाच एजंट नेमायचं, त्यांनी घरोघर जाऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे, हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. त्यावर त्यांना कमिशन. शिवणकाम, पापड-लोणची याच्यापलीकडे बाईला गावात मानाचं काम मिळालं. सायकलवरून, एसटीनं, पायी हिंडून कितीतरी एजंट ताईंनी संसार उभे केले, आणि त्यांच्यामुळे कितीतरी घरांतल्या मुलींची शिक्षणं झाली. हा इतिहास पुस्तकांत कमी आहे, पण आपल्या आळीत आहे.

त्याच व्यवस्थेत एक फट राहिली. हप्ता दिल्यावर एजंट आपल्या कार्डावर नोंद करते. ते कार्ड म्हणजे तुमच्या-तिच्यातली पावती. पोस्टाची खरी नोंद पासबुकात होते. बहुतेक एजंट चोख असतात. पण पासबुक वर्षानुवर्षं दुसऱ्याकडेच राहिलं, कुणी पाहिलंच नाही, तर हप्ता भरला की नाही हे कळतं पाच वर्षांनी, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर. असं झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कार्डावर साठ सह्या आणि पासबुकात त्याहून कितीतरी कमी नोंदी. म्हणून आमच्या गटात आम्ही नियम केलाय. पासबुक ज्याचं त्याच्या घरात, आणि तीन महिन्यांतून एकदा पोस्टात जाऊन शिक्का-नोंद पाहायची. विश्वास ठेवावा, पण तपासून ठेवावा. तपासणं म्हणजे संशय नव्हे.

नाव नसलेला कागद

१९८६ साली इंदिरा विकास पत्र आलं. सुरुवातीला पाच वर्षांत दुप्पट. लोकांनी भराभर घेतलं. या पत्राची एक खासियत होती. त्यावर घेणाऱ्याचं नाव नसायचं. नोटेसारखं, ज्याच्या हातात त्याचं. अर्ज नको, सह्या नकोत, म्हणून सोपं वाटलं. पण हरवलं तर? चोरीला गेलं तर? वाळवीनं खाल्लं तर? दुसरं मिळत नसे. राष्ट्रीय बचत पत्र किंवा किसान विकास पत्र हरवलं तर अर्ज करून दुसरी प्रत काढता येई, कारण पोस्टाच्या दप्तरात नाव होतं. इथे नावच नव्हतं. सरकारच्या छापाचा कागद, पण वागायला उतरंडीतल्या गाडग्यासारखा. पुढे १९९९ मध्ये ते देणं बंद झालं.

पंचाहत्तर रुपयांची योजना

याच्या अगदी उलट गोष्ट २ ऑक्टोबर १९९३ ची. महिला समृद्धी योजना. गावातल्या बाईनं पोस्टात स्वतःच्या नावानं खातं उघडायचं. वर्षभर तीनशे रुपये ठेवले तर सरकार त्यावर चौथा हिस्सा, म्हणजे पंचाहत्तर रुपये, घालणार. आज हसू येईल, पण त्या वेळी आठवड्याच्या बाजाराला हे पैसे मोठे होते. कितीतरी बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा अंगठा उठवला तो कर्जाच्या कागदावर नाही, तर स्वतःच्या पासबुकावर. एप्रिल १९९७ पासून नवी खाती बंद झाली.

त्याच काळात आपले गट उभे राहत होते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं 'माविम', २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालं होतंच. १९९२ साली नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडून पाहायचा प्रयोग सुरू केला. तिथून आज आपण इथवर आलो. २०१४ मध्ये जनधन खाती आली, २०१५ मध्ये सुकन्या समृद्धी, आणि एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ अशी दोन वर्षं महिला सन्मान बचत पत्र. साडेसात टक्के व्याज, दोन वर्षांची मुदत. ज्यांनी ते घेतलं असेल त्यांनी मुदतीची तारीख आज पासबुक काढून बघा. मुदत संपली की पैसा आपोआप दारात येत नाही, खिडकीवर जावं लागतं.

विसरलेला पैसा जातो कुठे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सरकार खातं का?

जुना नियम असा की ज्याला वारस नाही ती मिळकत राज्याची. आपल्या राज्यघटनेतही कलम २९६ मध्ये हे आहे. पण वारस असताना केवळ माहिती नाही म्हणून पैसा पडून राहिला तर? देशभरातल्या बँकांत असा पैसा हजारो कोटींनी साठला. कुणी वारलं आणि घरच्यांना खातंच माहीत नाही, कुणी ऊसतोडीला, कामाला दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तिथे खातं काढलं आणि परत आलं, कुणाच्या लग्नाआधीच्या नावाचं खातं माहेरीच राहिलं.

बँकेच्या बाबतीत नियम असा आहे. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही देवघेव केली नाही तर बचत खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर तो पैसा बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते. हा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. पण पैसा तुमचाच राहतो. त्यानंतर कधीही, तुम्ही किंवा तुमचा वारस, त्याच बँकेकडे मागणी करू शकता, आणि व्याज मिळणारं खातं असेल तर नियमाप्रमाणे व्याजही मिळतं. एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकेनं पैसे घ्यायचे नाहीत, आणि अशा खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

कुठल्या बँकेत खातं होतं हेच आठवत नसेल तर १७ ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. मोबाइल नंबरनं नोंदणी करायची आणि नाव टाकून शोधायचं, सोबत जन्मतारीख, मतदार ओळखपत्र किंवा पॅन यांपैकी एखादी माहिती. ते फक्त शोधून देतं. पैसे बँकेच्या शाखेतच मिळतात.

पोस्टाचं वेगळं आहे, नीट ऐका. तीन आर्थिक वर्षं काही व्यवहार नसेल तर पोस्टाचं बचत खातं मूक होतं. अर्ज, पासबुक, आधार वगैरे कागद दिले की ते पुन्हा बोलू लागतं. पण त्यानंतरही सात वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. हा निधी २०१५ च्या अर्थसंकल्पानंतर आला. तिथे गेल्यावरही पंचवीस वर्षं मागता येते. त्यानंतर मात्र ती सरकारची होते. विम्याचे दहा वर्षं न मागितलेले पैसेही याच निधीत जातात. म्हणजे बँकेच्या पैशाला मुदत नाही, पोस्टाच्या आणि विम्याच्या पैशाला आहे. हा फरक वहीत लिहून ठेवा.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंना सासूबाईंच्या ट्रंकेत पोस्टाचं पासबुक सापडलं. घरातले म्हणाले, रद्दीत टाक, सासूबाई जाऊन वर्षं झाली. ताईंनी टाकलं नाही. मृत्यूचा दाखला काढला, पासबुकावर वारस म्हणून कुणाचं नाव होतं का ते पोस्टात विचारलं. नव्हतं. पोस्टाच्या नियमाप्रमाणे वारसाचं नाव लावलेलं नसलं तरी पाच लाखांपर्यंतची रक्कम, मृत्यूनंतर सहा महिने झाल्यावर, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांचं नाहरकतपत्र घेऊन देता येते, कोर्टाशिवाय. आठवतंय? १८७३ च्या कायद्यातली तीच सोय, दीडशे वर्षांनी. दोन दीर आणि एका नणंदेच्या सह्यांना चार महिने लागले, पोस्टाला तीन आठवडे. रक्कम फार मोठी नव्हती. पण शेळी आली त्यातून, आणि ताई म्हणाल्या, "सासूबाईंनी मला शेळी दिली." नणंदेला तिचा वाटा त्यांनी आपणहून दिला.

पुढच्या बैठकीसाठी

इतकं ऐकलंत, आता थोडं काम. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातली सगळी पासबुकं, आरडीची कार्डं, विम्याच्या पावत्या एका पिशवीत घालून आणायच्या. जुनी, फाटकी, माहेरची, सासूची, सगळी. मग तीन गोष्टी पाहायच्या.

एक, नाव. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळतं का? लग्नाआधीचं नाव असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते, ते आताच काढून ठेवा.

दोन, वारस. म्हणजे नामनिर्देशन. खात्याला कुणाचं नाव लावलंय? वारलेल्या माणसाचंच अजून असेल तर बदला. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. मुलाबरोबर मुलीचंही नाव लावा. एक गोष्ट मात्र समजून घ्या. नाव लावलेला माणूस पैसे हातात घेतो, पण बाकीच्या वारसांचा हक्क त्यानं बुडत नाही.

तीन, शेवटची नोंद. कोणत्या तारखेची आहे? दोन वर्षं होत आली असतील तर त्या खात्यात जाऊन दहा-वीस रुपये तरी भरून या. खातं जागं राहतं.

आणि एक सावधगिरी. "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, ओटीपी सांगा, आधी हजार रुपये भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. बँक आणि पोस्ट आपला पैसा परत द्यायला आगाऊ पैसे मागत नाहीत. अर्ज भरायला कुणाची मदत लागली तर गटातल्या शिकलेल्या मुलीला घ्या, दलालाला नको.

मैत्रिणींनो, उतरंडीच्या गाडग्यापासून ट्रेझरीच्या दोन कुलपांपर्यंत, तिथून पोस्टाच्या खिडकीपर्यंत आणि आता मोबाइलपर्यंत आपला आणा आला आहे. सरकारनं तो खाल्ला का, याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं आहे. तो तिजोरीत आपल्या नावानं पडलेला असतो. पण तिजोरी हाक मारत नाही. हाक आपल्यालाच मारावी लागते, आणि ती मारायला आपलं नाव कागदावर असावं लागतं.

बैठकीत काय सापडलं ते आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन नक्की सांगा. कुणाच्या सासूबाईंची शेळी अजून ट्रंकेत झोपली असेल, काय सांगावं!